साप ओळखायचा तर आधी जागा बघा

निफाडकडे माझ्या मामांचा मळा आहे. द्राक्षबाग, थोडा मका आणि कडेला कांद्याची चाळ. काही वर्षांपूर्वी श्रावणात चाळीतला कांदा निवडायला बायका बसल्या होत्या आणि चाळीच्या बुडातून एक लांबडं सरसर करत मक्याकडे गेलं. एकच गलका झाला. एकीनं म्हणे नाग पाहिला, दुसरीनं घोणस. मामी म्हणाल्या, दिवड असंल, पाटातून आली असंल. मामा बांधावरून आले आणि त्यांनी विचारलं, "किती वाजले? आन् पळालं का जागीच बसलं?" दुपारचे दोन वाजले होते आणि ते पळालं होतं. "मंग धामण हाये. उंदरामागं आली असंल. जाऊ द्या तिला."

मामांनी साप पाहिलाच नव्हता. तरी संध्याकाळी बांधावर सगळ्यांना दिसली ती धामणच होती. मी तेव्हा कॉलेजात होतो. साप ओळखायचा म्हणजे रंग, पट्टे, ठिपके पाठ करायचे असं मला वाटायचं. मामांनी रंग विचारलाच नाही. त्यांनी वेळ, जागा आणि चाल विचारली. त्यांच्या हिशेबात एक फट होती, हे मला नंतर कळलं: नागही दिवसा हिंडतो आणि नागही माणूस दिसला की बहुतेक वेळा पळतो. म्हणून हा हिशेब शेवटचा शब्द नाही. पण सुरुवात तिथूनच करावी, असं माझं आता ठाम मत आहे.

कारण साप कुठेही भटकणारा प्राणी नाही. त्याला स्वतःच्या अंगातून ऊब तयार करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. म्हणून थंडीत तो ऊन शोधतो आणि वैशाखात सावली. त्याला लपायला फट लागते, कारण मुंगूस, मोर, घार, सर्पगरुड हे सगळे त्याच्या मागावर असतात. आणि त्याला खायला काहीतरी जिवंत लागतं. ऊब, फट आणि भक्ष्य ही तीन गणितं जिथे जुळतात तिथे तो राहतो. प्रत्येक जातीचं भक्ष्य वेगळं, म्हणून प्रत्येकीची जागाही वेगळी.

एका जिल्ह्यात दोन प्रदेश

नाशिक जिल्हा यासाठी फार चांगली शाळा आहे. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि गाडीनं दोन-अडीच तास पूर्वेला येवल्याकडे गेलं की तो पाचशेच्या आसपास येतो. तेवढ्या अंतरात भात संपतो, द्राक्ष येतं, मग बाजरी आणि मका. सापांची यादीही तशीच बदलत जाते.

इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा हा घाटमाथ्याचा पट्टा. इथली भातखाचरं म्हणजे बेडकांचं राज्य, आणि बेडूक म्हणजे निम्म्या सापांचं जेवण. खाचराच्या बांधावर नानेटी दिसते: बोटाएवढी जाड, अंगावर दोन पिवळसर रेघा, अत्यंत गरीब स्वभावाची. हिरवागार गवत्याही इथलाच. हिरवा साप दिसला की लोक घाबरतात, पण हिरवे तीन आहेत आणि तिघांचं राहणं वेगळं. गवत्या जमिनीवर गवतात असतो. हरणटोळ झुडपात असतो, चाबकासारखा बारीक, टोकदार नाकाचा, डोळ्याची बाहुली आडवी. त्याचं विष सरड्यापुरतं, माणसाला त्यापासून मोठा धोका नाही. तिसरा चापडा. तोही हिरवा, पण जाडसर, मान बारीक आणि डोकं रुंद, ओढ्याकाठच्या झुडपात किंवा बांबूत तासन्‌तास न हलता बसलेला. त्याच्या नाकपुडी आणि डोळ्याच्या मध्ये एक खळगा असतो, त्यातून त्याला भक्ष्याच्या अंगची ऊब कळते, अगदी मिट्ट काळोखातही. चापडा विषारी आहे. चावा सहसा जीव घेत नाही, पण सूज आणि वेदना भयंकर. हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरीला पावसाळ्यात जाणाऱ्या पोरांनी झुडपाला न बघता हात घालू नये, ते याच्यासाठी.

त्याच पट्ट्यातल्या ओल्या मातीत खापरखवल्या राहतो. फार कमी लोकांना तो माहीत असतो. शेपूट तासल्यासारखं बोथट आणि खरखरीत, जणू कुणी खापराचा तुकडा चिकटवलाय. मातीतून पुढे सरकताना मागचं बीळ तो या शेपटीनं बंद करत जातो. गांडुळं खातो, चावत नाही, आणि पिल्लं थेट जन्माला घालतो. रस्त्याच्या कामात माती उकरली की तो वर येतो आणि गाड्यांखाली जातो. मला या सापाबद्दल विशेष जीव आहे, म्हणून दोन ओळी जास्त.

मधला पट्टा नाशिक, दिंडोरी, निफाडचा. धरणं, कालवे, ठिबक. बारमाही ओल असल्यामुळे इथे उन्हाळ्यातसुद्धा साप हलते राहतात. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात त्या नांदूर मध्यमेश्वरला २०२० साली रामसर दर्जा (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळतो तो) मिळाला, महाराष्ट्रात पहिल्यांदा, तो तिथल्या पक्ष्यांमुळे. पण त्याच उथळ पाण्यात दिवड भरपूर आहे. पिवळसर अंग, त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके, डोळ्याखाली दोन तिरप्या काळ्या रेघा. मासे आणि बेडूक खाते. तिचा स्वभाव तापट. पकडायला गेलात तर चावते आणि रक्तही काढते, पण विष नाही. चिडली की मान चपटी करते, आणि तिथेच माणसं तिला नाग समजून मारतात.

पूर्वेला सिन्नर, चांदवड, येवला, मालेगाव आणि उत्तरेला बागलाण. काळ्या कातळाचे माळ, दगडी बांध, बाभळी, निवडुंग. इथे फुरसं. वीतभर-हातभर लांबीचं, मातकट, दगडाखाली असं बसलेलं की पाय पडेपर्यंत दिसत नाही. मांडूळही या कोरड्या, भुसभुशीत मातीचं. त्याचं शेपूट तोंडासारखंच बोथट असतं, एवढ्यावरून लोकांनी त्याला दुतोंड्या केलं आणि पुढे गुप्तधनाशी जोडलं. त्या खोट्या गोष्टीपायी मांडुळं चोरून विकली जातात. मांडूळ उंदीर खातं आणि माणसाला काहीही करत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते पकडणं आणि विकणं गुन्हा आहे.

आणि शहर? नाशिक शहराच्या कडेनं पाथर्डी, मखमलाबाद, गंगापूर रोड इथे गेल्या काही वर्षांत जी घरं उभी राहिली, ती मळ्यांवरच. साप सोसायटीत "शिरला" असं आपण म्हणतो. बऱ्याचदा तो आधीपासून तिथलाच असतो, त्याचं बीळ तेवढं पार्किंगखाली गेलेलं असतं. शहरातल्या भिंतींवर चढणारा साप म्हणजे कवड्या, पालींच्या मागे येतो. मोरीत किंवा कुंडीत गांडुळासारखं चकचकीत काळं काही वळवळलं तर तो वाळा. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खातो. वाळ्याच्या या जातीत नर सापडतच नाहीत, सगळ्या माद्याच, आणि त्या नराशिवायच अंडी घालतात. एक मादी कुंडीतून गेली तरी नवी वस्ती उभी राहते. अशा रीतीनं झाडांच्या मातीतून हा साप जगभर पोचला आहे.

चाळीखाली काय चालतं

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते कांद्याच्या चाळीबद्दल, कारण आपल्याकडे माणूस आणि साप सर्वांत जवळ येतात ते इथे.

चाळ जमिनीपासून दोन-एक फूट उंच असते, खालून वारा खेळावा म्हणून. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलला भरला की तो पार पावसाळाभर, कधी दिवाळीपर्यंत आत असतो. म्हणजे खाली सावली, गारवा, कुणाची ये-जा नाही. शेजारी मक्याची कणसं, कोंबड्यांचं खाद्य, पालापाचोळा. उंदरांना याहून चांगलं घर नाही. उंदराची मादी तीन आठवड्यांत पिल्लं देते. मग उंदरामागे धामण येते, नाग येतो, घोणस येते. पावसानं बिळं भरली की बेडूक आणि पालीही चाळीखाली. पालींमागे कवड्या, आणि कवड्याच्या मागे मण्यार, कारण मण्याराला दुसरे साप खायला आवडतात. ही साखळी एकदा डोळ्यांसमोर आली की साप "कुठून आला" हा प्रश्नच पडत नाही.

मग जून ते सप्टेंबर बायका त्याच चाळीत बसून कांदा निवडतात. मांडी घालून, हात कांद्यात. याच महिन्यांत नागाची आणि मण्याराची अंडी फुटलेली असतात आणि घोणशीनं वीस, तीस, चाळीस पिल्लं सोडलेली असतात. पिल्लू लहान म्हणून धोका लहान, असं नसतं. पहिल्या दिवसापासून त्याच्याजवळ विष असतं.

चाळीत शिरण्याआधी काठीनं फळ्या वाजवाव्यात. सापाला बाहेरचे कान नाहीत, पण जमिनीचे हादरे जबड्याच्या हाडांतून आतल्या कानाला पोचतात, तो वाट धरतो. मक्याचं आणि चाळीचं अंतर वाढवावं. कांद्याची रास हातानं न ओढता फावडीनं ओढावी. मामांनी हे तिन्ही केलं, खर्च जवळपास शून्य.

बागेतली गोष्ट वेगळी. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी वेलीखाली पाल्याचा थर असतो आणि घोणशीच्या अंगावरची नक्षी त्या पाल्यात पूर्ण विरघळते. पुढे डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली उतरलेला असतो तेव्हा ती दुपारी उन्हाला बांधावर येऊन पडते. तोच तिच्या मीलनाचा काळ, म्हणून हिवाळ्यात घोणस जास्त दिसते. बाकीचे साप गप्प असताना ही बाहेर असते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आणि शेतपंपाची वीज रात्रीची असली की माणूस बारे द्यायला अंधारात निघतो, अनवाणी किंवा स्लिपरवर. घोटाभर बूट आणि बॅटरी एवढ्यानं यातले बहुतेक चावे टळतील.

चार साप आणि त्यांची सोंगं

भारतात सापांच्या तीनशेहून जास्त जाती आहेत. त्यातल्या साठेक जाती माणसाला विषारी, त्यात समुद्रातले सापही आले. पण आपल्याकडे मृत्यूला कारण होतात ते मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. नागराज (किंग कोब्रा) नाशिकमध्ये नाही. कुणी मोठी धामण दाखवून नागराज म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

घोणशीची खूण सांगायला सोपी. अंगावर साखळीच्या कड्यांसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी, एक पाठीवर आणि दोन बाजूंना. डोकं त्रिकोणी. धोका वाटला की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार सोडते, बराच वेळ. तिच्यासारखी दिसणारी डुरक्या घोणस बिनविषारी असते: आखूड, लठ्ठ, शेपूट अगदी तोकडं, ठिपके वेडेवाकडे एकमेकांत मिसळलेले. अजगराच्या पिल्लालाही लोक घोणस समजतात आणि, याची मला जास्त भीती वाटते, घोणशीला अजगराचं पिल्लू समजून उचलतात. अजगराचे पट्टे नकाशातल्या देशांसारखे असतात, ओळीत कधीच नसतात. तरीही एक नियम पाळा: शंका आली तर ती घोणसच समजा.

मण्यार आणि कवड्या यांची गफलत सर्वांत महागात पडते. मण्यार निळसर काळा, तेल लावल्यासारखा चमकदार. पांढरे बारीक पट्टे बहुतेक जोडीजोडीनं, आणि ते शेपटीकडे ठळक. मानेकडे येताना पुसट होतात किंवा संपतात. कवड्याचं उलटं: पट्टे मानेपाशी ठळक आणि शेपटीकडे विरत जातात, रंग तपकिरी. म्हणजे पट्टे कुठून सुरू होतात ते पाहायचं. पण काही मण्यारांच्या अंगावर पट्टे दिसतच नाहीत, म्हणून या एका खुणेवर जीव टांगू नये. पक्की खूण पाठीच्या कण्यावर असते: मण्याराच्या पाठीवरची मधली खवल्यांची रांग मोठ्या षटकोनी खवल्यांची असते, बाजूच्या खवल्यांहून स्पष्ट मोठी. जिवंत सापाच्या एवढं जवळ जायचं नाही, अर्थातच. ही खूण फोटोत किंवा कातीत बघायची.

नाग सगळ्यांना माहीत, निदान तसं वाटतं. फणा काढला तर प्रश्नच नाही. पण नाग कायम फणा काढून फिरत नाही; फणा हा इशारा आहे, दूर राहा सांगणारा. मिटलेल्या फण्याचा गव्हाळी नाग आणि धामण दुरून सारखे दिसतात. धामणीचा डोळा मोठा, मान बारीक, ओठांवर उभ्या काळ्या रेघा. नागाची मान जाडसर आणि डोकं रुंद. फण्यावरचा दहाचा आकडा सगळ्या नागांना नसतो. आणि नाग-धामणीचं मीलन म्हणून लोक जे पाहायला जमतात, ते बहुतेक वेळा दोन धामण नरांची झुंज असते. अंगाला अंग पिळून एकमेकांना खाली दाबायची कुस्ती, चावाचावी नाही. नाग आणि धामण या वेगळ्या जाती, त्यांचं मीलन होत नाही. धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, हेही खरं नाही. सापाला दूध ओढून प्यायला येत नाही. नागपंचमीला तहानलेला नाग वाटीत तोंड घालतो तो पाण्यासाठी, आणि ते दूध त्याच्या जिवावर बेततं.

फुरशाच्या डोक्यावर बाणासारखी फिकट खूण असते. चिडलं की इंग्रजी सी अक्षरासारखी वेटोळी घालून एकमेकांवर घासतं. त्याच्या बाजूचे खवले करवतीच्या दात्यांसारखे, त्यातून तव्यावर तेल चुरचुरावं तसा आवाज येतो. आवाज ऐकू आला की जिथे आहात तिथे थांबा, दिसल्यावर मग मागे सरका.

काही सर्वसाधारण नियम लोक सांगतात, ते सोडून द्यावेत. त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी, हा त्यातला पहिला. नाग आणि मण्यार दोघांचं डोकं त्रिकोणी नाही. उलट मांजऱ्या सापाचं डोकं त्रिकोणी असतं आणि त्याचं विष माणसाला मारत नाही. उभी बाहुली म्हणजे विषारी, हेही तसंच: मांडुळाची बाहुली उभी, नागाची गोल. दोन दातांच्या खुणा दिसल्या तर विषारी आणि जास्त दिसल्या तर बिनविषारी, या नियमानं तर माणसं गेली आहेत. मण्याराच्या चाव्याची खूण डासाच्या चाव्याएवढीही दिसत नाही.

पान लागलं तर

आपल्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. रात्री नाव घ्यायचं नाही म्हणून लांबडं, जनावर. या शब्दांत भीती आहे आणि आदरही आहे. भीतीला कारणही आहे: २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८,०००. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरच्या गटात घातलं, आणि २०२४ मध्ये केंद्र सरकारनं २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला.

विष नेमकं काय करतं, ते समजलं की घाई कशासाठी करायची ते कळतं. नाग आणि मण्यार यांचं विष नसा आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडतं. पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. नागाचं विष निरोप घेणारी जागा अडवतं. मण्याराचं विष निरोप पाठवणारं टोकच खराब करतं. म्हणून मण्याराच्या दंशात विषावरची लस उशिरा पडली तर झालेलं नुकसान तिला मागे फिरवता येत नाही. नसांची टोकं पुन्हा तयार होईपर्यंत माणसाला व्हेंटिलेटरवर जगवावं लागतं, कधी कित्येक दिवस. पण जगवता येतं, हे महत्त्वाचं. घोणस आणि फुरसं रक्तावर हल्ला करतात. रक्त गोठवणारे घटक विष संपवून टाकतं, मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त येऊ लागतं. घोणशीत मूत्रपिंडंही निकामी होतात.

मण्याराचा चावा बहुतेक जमिनीवर झोपलेल्या माणसाला, रात्री. रांगत जाणारा साप अंगाखाली दबतो आणि चावतो. दुखत नाही म्हणून माणूस उठतही नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घरचे म्हणतात अपचन झालं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या धडधाकट माणसाला पहाटे अचानक पोटदुखी झाली आणि डोळे मिटू लागले, तर खूण दिसो न दिसो, तातडीनं दवाखाना. खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज आहे.

चावल्यावर करायचं थोडं असतं. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढायचं, कारण सूज येणार. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवायचा, मोडलेलं हाड ठेवतात तसा. चालवायचं नाही, स्नायू हलला की विष पुढे सरकतं. १०८ ला फोन, किंवा जी गाडी मिळेल ती. दोरी आवळून बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ लावायचा नाही. घोणशीच्या दंशात कापलेली जखम थांबता थांबत नाही.

पेठ-सुरगाण्याकडे आधी भगताकडे नेतात. भगताला लोक मानतात ते काही उगीच नाही. त्याच्याकडे नेलेली बरीच माणसं बरी झालेली त्यांनी पाहिलेली असतात. पण बहुतेक चावे बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी साप चावला तरी काही वेळा विष सोडत नाही. ही माणसं कुठेही नेली असती तरी वाचली असती. खरा मण्यार लागलेला माणूस मात्र भगताकडे गेलेल्या वेळात हातचा जातो. माझ्या ओळखीच्या एका भगतानं आता रीत बदलली आहे: तो अंगारा लावतो आणि त्याच क्षणी गाडी बोलावतो. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

दवाखान्यात साप नेण्याची गरज नाही, मारलेलाही नको. मेलेल्या सापाचं डोकंसुद्धा काही वेळ चावू शकतं. आपल्याकडची लस चारही सापांवर मिळून एकच आहे. घोड्यांना या सापांचं विष थोडं थोडं टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून ती बनते. मुंबईची हाफकिन संस्था या कामासाठी जुनी प्रसिद्ध. लशीच्या एका मिलिलिटरमध्ये नागाचं ०.६ मिलिग्रॅम, घोणशीचं ०.६, मण्याराचं ०.४५ आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करण्याची ताकद असते. म्हणून एका बाटलीनं भागत नाही, सुरुवातच आठ-दहा बाटल्यांनी होते. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. चापड्यावर ही लस चालत नाही, म्हणून फोटो दुरून मिळाला असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

डॉक्टर रक्ताची एक साधी चाचणी करतात. कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी आडवी करतात. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरसं. हे गावच्या ग्रामीण रुग्णालयातही होतं, यंत्र लागत नाही. काहीच लक्षण दिसत नसलं तरी चोवीस तास तिथेच थांबायचं, घरी जायची घाई करायची नाही. सरकारी रुग्णालयात लस मोफत आहे.

घरात साप निघाला तर एकानं लांबून त्याच्यावर नजर ठेवावी आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करावा. मोकळ्या जागेत असेल तर फोनही नको, तो जाईल.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मामांची चाळ रिकामी झाली तेव्हा बुडाच्या विटांमध्ये एक कात मिळाली, पुरी, डोळ्यांवरच्या काचेसारख्या खवल्यांसकट. मामांच्या नातवंडांना मी ती अंगणात पसरून दाखवली. कात मोजली की साप खऱ्यापेक्षा लांब भरतो, कारण निघताना ती ताणली जाते. तरी ती सात फुटांच्या वर होती. मोठ्या नातीनं बोट फिरवत पाठीची मधली रांग शोधली आणि म्हणाली, "मधले खवले बाजूच्याएवढेच आहेत. म्हणजे मण्यार नाही." मग तिनं डोक्याच्या बाजूला डोळ्याची काच पाहिली. मोठी, गोल, टिकलीएवढी. "धामणच," मामा ओट्यावरून म्हणाले. या वेळी मात्र त्यांनी आधी कात नीट निरखून पाहिली होती.